आडवी चाळ

"हे आडवं होतंय," आई म्हणाली.

तिच्या हातात चहाच्या कपांचं ताट होतं आणि वाऱ्यानं तिचा पदर एका बाजूला ओढून धरला होता. समोर माझे वडील, तात्या, जमिनीवर चुन्याच्या फक्कीची रेघ मारून कमरेवर हात ठेवून उभे होते. रेघ डांबरी रस्त्याला धरून अगदी सरळ गेली होती आणि तिच्यावर लहानू मिस्त्री पहारीनं पहिला खड्डा घेत होता.

"काय आडवं होतंय?" तात्या म्हणाले.

"चाळ. वारा तिकडनं येतो." तिनं मावळतीकडं मान केली. "लांब बाजू त्याच्याकडं पाहिजे. तुम्ही तर वाऱ्याला टोक दाखवू राह्यले."

तात्यांनी ताटातला एक कप उचलून घोट घेतला.

"गार झालाय," ते म्हणाले. "जा, दुसरा टाक."

आई गेली. लहानूनं एकदा तिच्या पाठीकडं आणि एकदा तात्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि पहार पुन्हा त्याच खड्ड्यात घातली.

मुंबईच्या माणसाला चाळ म्हटलं की गॅलरी, नळ आणि नळावरची भांडणं आठवतात. आमच्या चांदवडच्या पलीकडच्या पट्ट्यात चाळीत माणसं राहत नाहीत, कांदा राहतो, आणि त्याचे नखरे माणसापेक्षा जास्त असतात. दोन रांगांत बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, उभ्या करायच्या, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर फळ्यांचा तळ, बाजूंना फटी ठेवून ठोकलेले बांबू आणि वर पत्रा. उन्हाळ कांदा काढला की तिच्यात भरायचा आणि तो दिवाळीपर्यंत टिकावा म्हणून देवाला हात जोडायचे. त्याला टिकायला एकच गोष्ट लागते, वारा. खालून, बाजूनं, आरपार. आमच्याकडचा वारा मावळतीचा, म्हणून चाळ अरुंद आणि लांब करतात आणि ती दक्षिणोत्तर उभी करतात, म्हणजे वारा तिच्या अख्ख्या कुशीला लागतो. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तात्यांनाही माहीत होतं.

पण रस्ता पूर्व-पश्चिम जात होता, आणि तात्यांना चाळ रस्त्यावरून अख्खी दिसायला हवी होती. त्याचं कारण मी होतो. माझं लग्न जमत नव्हतं.

मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. नाव निवृत्ती. आजोबांनी ज्याचं नावच निवृत्ती ठेवलं त्याला संसार कुठून मिळणार, असं पारावरची मंडळी माझ्यादेखत म्हणायची. मुलीकडच्यांची अट सगळीकडं एकच असायची: शेती पाहिजे, पण मुलगा शेतीत नको. मी नेमका शेतीतच होतो. तालुक्यातल्या इतक्या घरांत मी पोहे खाल्ले होते की कुणाच्या घरी शेंगदाणे जास्त पडतात आणि कुणाच्या घरी कांदा कमी, हे मला पाठ झालं होतं.

मग आईचे चुलतभाऊ, कारभारी मामा, पिंपळगावकडचं एक स्थळ घेऊन आले. द्राक्षवाली माणसं. मुलीचं नाव योगिता. तिनं माझ्या हातात पोह्यांची बशी दिली, मी दोन घास खाल्ले, आणि तिनं मान वर करून विचारलं, "कसे झालेत?"

आतापर्यंत प्रत्येक घरात मी "छान" म्हणून सुटलो होतो. त्या दिवशी काय झालं कोण जाणे.

"मीठ घालायचं राह्यलंय," मी म्हणालो.

मामांनी माझ्या पायावर पाय दिला. योगितानं माझ्याच बशीतला एक घास खाऊन बघितला, मीठ आणलं आणि हसली. परतीच्या वाटेवर मोटरसायकलवर मामांच्या मागं बसून मी मनाशी ठरवलं की हीच पाहिजे. ही नाही म्हणाली तर मी पुन्हा कुणाच्या घरी पोहे खायला जाणार नव्हतो.

"आता तिचे वडील घर बघायला येतील," मामा आमच्या ओट्यावर बसून म्हणाले. "आप्पा म्हणत्यात त्यांना सगळे. माणूस सरळ आहे, पण घराकडं ढुंकून बघत नाही. गोठा बघतो, विहीर बघतो, चाळ बघतो. म्हणतो, ज्याला माल सांभाळता येतो त्याला पोरगी सांभाळता येईल."

आमच्याकडं चाळ नव्हती. आमचा कांदा तोवर आंब्याखाली ताडपत्री पांघरून झोपत होता. तात्या उठले, सरळ रस्त्याकडं चालत गेले आणि तिथं उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्या एसट्या बघत राहिले. दुसऱ्या दिवशी बल्ल्या आल्या.

तात्या वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांना मागं फिरता येत नसे. एकदा साडूच्या मुलाच्या साखरपुड्याला मनमाडला जायचं म्हणून ते मालेगावच्या गाडीत बसले. कंडक्टरनं तिकीट फाडताना सांगितलं की गाडी मालेगावची आहे. सगळी गाडी ऐकत होती. तात्या म्हणाले, "मग, मालेगावलाच तर जायचंय." गेले. आणि मोकळ्या हातानं घरी कसं यायचं म्हणून तिथून एक शेळी घेऊन, टेम्पोत बसून परत आले. शेळी आणायलाच गेलो होतो, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. साडू पुढं बरेच दिवस बोलला नाही. शेळी मात्र गुणाची निघाली.

न्हाणीघर बांधलं तेव्हा त्यांनी दार रस्त्याकडं ठेवलं. तेव्हाही आई म्हणाली होती, उलटं होतंय. तेव्हाही तिला चहा टाकायला पाठवलं होतं. त्यानंतर आमच्या घरातल्या बायका दाराला आतून चादर बांधून अंघोळ करत आल्या होत्या, आणि तात्या पाहुण्यांना सांगत की दार रस्त्याकडं असलं की उजेड चांगला येतो.

तर चाळ रस्त्याला धरून उभी राहू लागली. बल्ल्या खड्ड्यांत उतरवल्या तेव्हा आई म्हणाली, "अजून वेळ गेलेली नाही." तात्या म्हणाले, "लहानूला चहा टाक." आडवे वासे चढले तेव्हा आई म्हणाली, "आतला कांदा उकडून निघंल." तात्या म्हणाले, "साखर जरा जास्त." फळ्या बसल्या, बांबू ठोकून झाले, आणि आईनं नुसतं तोंड उघडलं तरी लहानूच म्हणू लागला, "वहिनी, अर्धा कप चालंल." त्या चाळीला जेवढं पाणी लागलं नाही तेवढा चहा लागला.

मी मधे पडलो नाही. मला चाळ कुठंही चालली असती, अगदी देवळाच्या कळसावर. मला पिंपळगावचा होकार पाहिजे होता.

दहा खणांची चाळ झाली. रस्त्याच्या बाजूला पत्र्याची एक लांब पट्टी मारून तिच्यावर तात्यांनी हातभर अक्षरांत "पुंजाजी दगडू शेळके" असं स्वतःचं नाव रंगवून घेतलं. बल्ल्यांच्या बुडाशी दगड-मुरूम ठासला होता, सिमेंट ओतायचं तेवढं राहिलं होतं. ते पाहुणे येऊन गेल्यावर करू, असं ठरलं.

पाहुणे आले. जीपमधून आप्पा उतरले, कारभारी मामा उतरले, आणि त्यांच्या मागून योगिता उतरली. मी गोठ्याजवळ शेण भरत होतो. पाटी तशीच टाकून मी हात पुसायला काही सापडतंय का ते बघू लागलो. मुलीनं मुलाचं घर बघायला येण्याची आमच्याकडं रीत नाही.

"पोरगी म्हणाली, जिथं राह्यचं ते मी नको का बघायला," आप्पा ओशाळून तात्यांना म्हणाले. "मला काही उत्तर सापडलं नाही. घेऊन आलो."

तात्या डोक्यावरची टोपी सारखी करू लागले. आईला मात्र काही विचारायचंच नव्हतं. तिनं पुढं होऊन योगिताचा हात धरला.

"चल गं," ती म्हणाली. "मला चहाला हात लाव."

त्या दिवशी चहाला फार वेळ लागला. तात्यांनी दोनदा हाक मारली. शेवटी योगिताच ताट घेऊन बाहेर आली, आणि तिनं माझ्याकडं अजिबात बघितलं नाही. चहात साखर नव्हती. आई तशी विसरभोळी नव्हती, पण सगळ्यांनी तो तसाच घेतला. एका घरात मीठ राहिलं होतं, दुसऱ्यात साखर राहिली, असं म्हणून मी मनातल्या मनात फिट्टंफाट केली.

मग सगळे चाळीकडं निघालो. आप्पांनी एका बल्लीवर थाप मारली, दुसरी हलवून बघितली.

"दणकट आहे," ते म्हणाले. "रस्त्यावरनंच दिसली. मी म्हणालो जीपवाल्याला, हेच घर असणार."

तात्या फुलले. "दहा खण आहेत," ते म्हणाले. "मनमाडच्या गाडीतला माणूस मान वळवून बघतो."

"तात्या," योगिता म्हणाली, "ही चाळ आडवी आहे ना?"

लहानू मिस्त्री तिथं कशाला आला होता देव जाणे, तो चाळीच्या मागं गेला.

"वारा तिकडनं येतो," ती म्हणाली. तिनं मावळतीकडं मान केली. "लांब बाजू त्याच्याकडं पाहिजे. ही तर वाऱ्याला टोक दाखवतेय. कांदा सडेल."

तात्यांचं तोंड उघडलं. पुढचं वाक्य काय येणार ते मला माहीत होतं, आणि ते तात्यांच्या जिभेवर आलेलंही मला दिसलं. पण पाहुण्याच्या मुलीला चहा टाकायला सांगता येत नाही. शिवाय चहा तिनंच आत्ता आणून दिला होता. तात्यांनी तोंड मिटलं. आप्पा विहिरीची चौकशी करू लागले. मी आईकडं बघितलं. ती घराच्या दारात उभी होती, पदराचं टोक दातात धरून.

पाहुणे गेले आणि निरोप येईना. मला जेवण जाईना. मग एका दुपारी मामा आले, ओट्यावर टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पोरीचा होकार आहे," ते म्हणाले.

मी उठायला गेलो आणि तसाच खाली बसलो, कारण मामांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली नव्हती.

"चाळ वळवली तर," मामा म्हणाले.

"म्हंजे?" तात्या म्हणाले.

"म्हंजे चाळ उभी करायची. वाऱ्याला. आप्पानं लई समजावलं तिला. ती म्हणते, नाही वळवली तर माझा नकार सांगा."

"मला सून पाहिजे का ओव्हरशेर?" तात्या म्हणाले. "अजून माप ओलांडलं नाही आन चाळी वळवू राह्यली. उद्या म्हणंल, विहीर सरकवा. मी उभं केलेलं मी काढत नाही. कारभारी, दुसरं स्थळ बघ."

"दुसरं कुठलं बघू?" मामा म्हणाले. "तालुका संपला."

मी आईकडं बघितलं. ती उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. इतकी वर्षं प्रत्येक गोष्टीत तोंड घालून बोलणी खाणारी माझी आई, आता तरी काही बोलेल असं मला वाटलं. आता तर तिच्या बाजूनं पिंपळगावहून कौल आला होता. तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"चहा टाकू का?" ती म्हणाली.

मला तिचा इतका राग आला की मी उठून शेतात निघून गेलो. पोटच्या पोराचं लग्न मोडतंय आणि ही बाई चहाचं विचारते. त्यानंतरही ती गप्पच राहिली. तात्यांना एका शब्दानं सांगितलं नाही, मला धीर दिला नाही. संध्याकाळी देवापुढं दिवा लावून मात्र ती खूप वेळ उभी राहायची. मला वाटायचं, आता देवाला काय सांगते, तात्यांना सांग.

शेतात कांद्याच्या पाती माना टाकू लागल्या होत्या. काढणी तोंडावर आली होती. एकदा चाळ भरली की ती वळवायचा प्रश्नच उरणार नव्हता, आणि माझाही.

मला मालेगावची शेळी आठवली ती स्टँडवरच्या हॉटेलात. हॉटेल म्हणजे दोन बाकडी आणि एक स्टोव्ह, पण सगळं गाव सकाळी तिथं असायचं. तात्या कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. मी आत शिरलो तसं कुणीतरी म्हणालं, "काय भो निवृत्ती, चाळीपायी अडलं म्हणे?"

सगळे हसले. पेपर हलला नाही.

"अडलं कुठं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "तात्यांचं आधीपासून ठरलेलंच आहे. पाहुण्यांना रस्त्यावरनं दिसावी म्हणून तेवढी आडवी केली होती. पाहुणे बघून गेले. आता वळवायची."

"वळवायची? बांधून झालेली चाळ?"

"म्हणून तर सिमेंट ओतलं नाही," मी म्हणालो. "उगंच राह्यलं का ते?"

सगळे पेपराकडं बघत होते आणि पेपरामागं काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं. तात्या त्याच पेपराची सुरळी करून माझ्या डोक्यात घालतील, असंही मला वाटून गेलं. मग पेपर सावकाश खाली आला. तात्यांनी त्याची नीट घडी घातली.

"मग," ते म्हणाले. "काढणीच्या आत वळवायची आहे. रविवारी या सगळे. येताना दोर आणा."

रविवारी सगळं गाव आलं. काही मदतीला आले, बरेचसे गंमत बघायला आले, आणि गंमत बघायला आलेल्यांनाही तात्यांनी बल्लीला लावलं. पत्रे उतरवून ठेवले होते. नवीन खड्डे तयार होते, आणि त्यांची रेघ आता रस्त्याला काटकोनात होती. लहानूनं बल्ल्यांच्या बुडाचा मुरूम उकरला, तळाखालून आडवे बांबू घातले, आणि भेटेल त्याला सांगू लागला की आपण पहिल्याच दिवशी म्हणालो होतो.

तात्या एका ड्रमवर चढले. "हर हर महादेव" झालं आणि दहा खणांची चाळ जमिनीतून वर आली. खाली नुसते पाय दिसत होते, धोतरातले, पँटीतले, लेंग्यातले, आणि चाळ गोमेसारखी चालू लागली. थोडं अंतर ती गुण्यागोविंदानं गेली. मग तात्या ओरडले, "डावीकडं घ्या." पुढचे चाळीकडं तोंड करून मागं मागं चालत होते आणि मागच्यांचं तोंड पुढं होतं, त्यामुळं दोघांच्या डाव्या बाजू वेगळ्या निघाल्या. चाळीचं एक टोक शेतात आणि दुसरं रस्त्यावर गेलं आणि ती तिथंच अडली. तेवढ्यात मनमाडची एसटी आली.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मग बंद केला. मग खाली उतरला.

"हे काय आहे?" तो म्हणाला.

"चाळ," तात्या ड्रमवरून म्हणाले. "तुला पुढं जायचं असंल तर धर."

त्यानं धरली. कंडक्टरनं पैशाची बॅग गळ्यातच ठेवून एका बल्लीला खांदा दिला. गाडीतले प्रवासी उतरले, त्यांतले काही बघत राहिले, काही बांबूला लागले. माझ्या शेजारी एक पांढरा सदरा येऊन वाकला आणि त्यानं माझ्याच बांबूला हात घातला. मी मान वळवून बघितलं तर आप्पा.

"तुम्ही?" मी म्हणालो.

"मी सांगायला आलो होतो," आप्पा धापा टाकत म्हणाले, "पोरीचं एवढं मनावर घेऊ नका म्हणून. मी समजावतो तिला."

हे ऐकून माझ्या हातातून बांबू सुटता सुटता राहिला. तात्यांनी ऐकलं असतं तर चाळ तिथंच रस्त्यावर ठेवून ते घरी गेले असते.

"आप्पा," मी म्हणालो, "आत्ता नका बोलू. उचला फक्त."

पण ते सरळ माणूस होते. चाळ शेतात आली, बल्ल्या एकेक करून नव्या खड्ड्यांत उतरल्या, एसटी निघून गेली, आणि आप्पा घाम पुसत तात्यांसमोर उभे राहिले.

"तात्या, पोरीच्या शब्दाखातर एवढं कशाला केलंत?"

तात्यांनी ड्रमवरून खाली उतरायला माझा खांदा धरला.

"कुठल्या पोरीच्या?" ते म्हणाले. "हे आमचं आधीच ठरलेलं होतं. विचारा याला."

"हो," मी म्हणालो.

आईनं भल्यामोठ्या टोपात चहा केला होता. सगळ्यांना देऊन झाल्यावर ती रिकामी चाळ बघायला आली. दुपार उलटली होती आणि मावळतीचा वारा सुटला होता. तो बांबूंच्या फटींतून आरपार येत होता आणि पलीकडं उभ्या असलेल्या आईचा पदर उडत होता. तात्यांच्या नावाची पट्टी आता रस्त्याला दिसत नव्हती. ती फक्त शेजारच्या बांधावरच्या म्हशीला वाचता येत होती. आई एका बल्लीला हात लावून उभी राहिली.

वैशाखात आमचं लग्न झालं. त्या वर्षीचा कांदा दिवाळीपर्यंत खणखणीत राहिला, आणि चाळीची दिशा कशी आपण विचार करून ठेवली, हे तात्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले. योगिता ते ऐकून घ्यायची. न्हाणीघराचं दार तिनं दुसऱ्या वर्षी मागच्या बाजूला करून घेतलं. तात्या म्हणाले, उजेडाचं काम झालं होतं.

तात्या आता नाहीत. आई आहे, ऐंशीच्या घरात, ओट्यावर बसून असते. गेल्या हिवाळ्यात मी ट्रॅक्टर आणि अवजारांसाठी शेड बांधायला काढली. लोखंडी खांब, वर पत्रा, एक बाजू उघडी. खांब आले, वेल्डिंगवाला आला, मी फक्कीची पाटी घेऊन वाकून रेघ मारत होतो. योगिता घरातून आली.

"अहो, हे तोंड चुकीच्या बाजूला होतंय," ती म्हणाली. "पावसाची झड तिकडनंच येते. ट्रॅक्टर भिजेल."

रेघ वाकडी जाऊ नये म्हणून मी मान वर केली नाही.

"बघतो बघतो," मी म्हणालो. "तू जरा चहा टाक."

मग ओट्यावरून हसू ऐकू आलं. आई हसत होती. गदागदा, डोळ्यांना पदर लावून. योगिताही हसत होती, पण तिच्या हसण्यात मला माझं काही भलं दिसेना.

"सांग गं आता याला," आई म्हणाली. "आता सांगायलाच पाहिजे."

"काय सांगायचं?" मी विचारलं.

योगिता खांबांच्या ढिगावर बसली. "मला कांद्यातलं काय कळत होतं हो?" ती म्हणाली. "आमच्याकडं द्राक्षं. कांद्याची चाळ मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून बघितली. आडवी म्हणजे काय आणि उभी म्हणजे काय, मला काही माहीत नव्हतं."

"मग तू बोललीस ते?"

"आईंनी सांगितलं. आत, चहा टाकताना. म्हणाल्या, या घरात मी काही सांगितलं की मला चहा टाकायला पाठवतात. तू सांगून बघ. दोनदा पाठ करून घेतलं माझ्याकडून. त्याच नादात साखर राहिली."

मला ते सगळं पुन्हा ऐकू आलं. लांब बाजू त्याच्याकडं पाहिजे, वाऱ्याला टोक दाखवतेय. शब्दन्‌शब्द आईचा होता. मी तिथंच उभा होतो, पण मी फक्त योगिताकडं बघत होतो.

"आणि अट?" मी विचारलं. "ती तर तुझी होती?"

योगितानं आईकडं बघितलं.

"तीही यांचीच. म्हणाल्या, वळवली तर ये. नाही वळवली तर येऊ नको पोरी. माझा मुलगा चांगला आहे, पण येऊ नको."

मी पाटी घेऊन तसाच उभा राहिलो. मी उपाशी हिंडत होतो, मामा तालुका संपला म्हणत होते, आणि माझ्या सख्ख्या आईनं उंबऱ्यात बसून, शेंगा फोडत, माझं लग्न पणाला लावलं होतं. इतक्या वर्षांनीही मला धडकी भरली. त्या दिवसांत संध्याकाळी दिव्यापुढं ती इतका वेळ का उभी राहायची तेही कळलं. देवाकडं ती नेमकं काय मागत होती, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

"आई," मी म्हणालो, "आणि नसती वळली तर?"

तिचं हसणं थांबलं होतं. तिनं डोळे पुसून पदर नीट केला.

"नसती वळली तर राह्यला असतास बिनलग्नाचा," ती म्हणाली. "एक पोरगी तर वाचली असती."

वेल्डिंगवाला मघापासून खांबाला टेकून उभा होता. "मालक," तो म्हणाला, "खड्डे कुठं घेऊ?"

मी फक्कीची पाटी योगिताच्या हातात दिली.

"यांना विचार," मी म्हणालो आणि चहा टाकायला आत गेलो. साखरेचा डबा कुठं असतो ते विचारायला मला दोनदा बाहेर यावं लागलं.